मूळ रंग

ट्रॅक्टरला दोरखंड बांधून ती गाडी माझ्या शेडसमोर ओढून आणली, तेव्हा मागच्या फुटक्या खिडकीतून एक कोंबडी फडफडत बाहेर पडली आणि थेट माझ्या पायाशी येऊन उभी राहिली.

"ही आत ऱ्हायली हुती व्हय!" ट्रॅक्टरवाला हसत म्हणाला. "गोठ्यात हुती न्हवं गाडी. कोंबड्यांनी मागल्या सीटवर बिऱ्हाडच केलंतं."

गाडीची दशा बघवत नव्हती. ती अँबॅसिडर आहे हे नुसत्या आकारावरून ओळखायचं. अंगावर कधीतरी मारलेला पिवळट रंग, त्याचेही पापुद्रे सुटलेले. टपावर शेणाचा थर, बॉनेटवर कडबा रचल्याचे ओरखडे, चाकं तर नव्हतीच जाग्यावर. कुठल्या तरी जीपची जुनी चाकं तात्पुरती लावून तिला हायवेपर्यंत आणली होती. आणि वास! गाड्यांची साफसफाई हा माझा धंदा. लोकांच्या गाड्यांत काय काय सापडतं ते मी पाहिलेलं आहे. पण त्या वासानं माझ्याकडच्या कामाच्या बायकाही नाकाला पदर लावून मागे सरल्या.

ट्रॅक्टरच्या मागून एक उंच, काळी, चकचकीत गाडी आली. तीतून पांढरे बूट घातलेला तिशीतला एक माणूस उतरला.

"मॅडम, मी रणधीर. तुमचं नाव ऐकून आलोय. म्हणतात की तुमच्याकडून गाडी गेली म्हणजे शोरूममधून निघाल्यासारखी होते."

"गाडीवर असतं ते," मी म्हटलं. "ही शोरूमपेक्षा स्मशानाच्या जवळ आहे."

तो मोठ्यानं हसला. "हिच्यात जीव आणायचाय. पुढच्या रविवारी आमच्या काकांचा अमृतमहोत्सव आहे. मांडवात मधोमध ही गाडी उभी करायची. इतिहास आहे हिचा. गॅस्ट्रोच्या साथीत काकांनी याच गाडीतून माणसं घाट उतरवून दवाखान्यात नेली. स्वतः! सगळं खोरं सांगतं."

"काका म्हणजे?"

"बापूसाहेब फडतरे. पिंपळखोऱ्याचे."

माझ्या हातातला पाण्याचा पाइप तसाच वाहत राहिला. माझे पाय भिजले, त्याचे पांढरे बूटही भिजले. मी हळूच चालत गाडीच्या मागे गेले. डाव्या मडगार्डला मूठ बसेल एवढा पोचा होता. घाटाच्या तिसऱ्या वळणावर, समोरून म्हैस आली म्हणून गाडी कठड्याला घासली होती. तेव्हा मी पुढच्या सीटवर बसले होते आणि चालवणारा माणूस खाली उतरून आधी म्हशीला कुठं लागलं का ते बघत होता.

चालवणारा माणूस बापूसाहेब फडतरे नव्हता. माझे वडील होते. गाडी त्यांची होती.

"जमेल का?" रणधीरनं विचारलं.

"जमेल की," मी म्हटलं. "अशी करते, की बघणाऱ्यांच्या जन्मभर लक्षात राहील."

आज या गोष्टीला पंधरा वर्षं होत आली, पण ते वाक्य बोलताना तोंडात आलेली चव अजून आठवते. गोड होती.

वडिलांचं नाव दौलत नलगे. मुंबईत टॅक्सी चालवून चालवून त्यांनी ही जुनी अँबॅसिडर घेतली आणि गावाकडे आणली. पांढरी होती. पिंपळखोऱ्यात तेव्हा दुसरी गाडी फक्त बापूसाहेबांच्या वाड्यावर होती, आणि ती वाड्यातल्या माणसांसाठी होती. वडिलांनी अंतू पेंटरला बोलावून चालवणाऱ्याच्या बाजूच्या दारावर लाल रंगात दोन ओळी लिहून घेतल्या. वर नाव आणि गाव. खाली, 'आजाऱ्याला भाडे नाही'.

आई म्हणाली होती, "आता सगळं गाव आजारी पडंल बघा." आणि पुढच्याच पावसाळ्यात खरंच पडलं. साथ आली. विहिरीचं पाणी बाटलं, घरोघरी माणसं आडवी झाली. वाड्याची गाडी वाड्यात उभी होती, दारं लावून. वडील घाट चढत होते, उतरत होते. सीटवर ओकाऱ्या, सीटवर घाण. घरी आले की आम्ही दोघं बादलीनं गाडी धुवायचो. फिनेल टाकून, खराट्याच्या काड्या करून सीटच्या शिवणी घासायचो. आता लोक त्या कामाला इंग्रजी नावं देतात आणि माझ्या पाटीवरही ती लिहिलेली आहेत. मी ते काम शिकले ते तेव्हा.

साथ ओसरल्यावर लोकच म्हणू लागले, की यंदा सरपंच दौलतला करायचं. वडिलांच्या मनातही नव्हतं. पण बापूसाहेबांना ते खुपलं.

एका संध्याकाळी बापूसाहेब स्वतः आमच्या दारात आले. मला अजून त्यांचं पांढरं धोतर दिसतं. "दौलत, माझ्या बहिणीला बरं न्हाई रे. आमची गाडी बंद पडलीय. तू दमलायस, तू नगं येऊस. माझा डायवर नेईल, नुसती गाडी दे."

वडील आजारी माणसाला नाही म्हणत नसत. खुंटीवरची किल्ली मीच काढून बापूसाहेबांच्या हातात दिली. त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाले, "गुणाची हाय पोर."

सकाळी गाडी घाटाच्या तोंडाशी उभी सापडली आणि मागच्या डिकीत हातभट्टीचे कॅन. बहीण धडधाकट होती, ड्रायव्हर गायब होता, बापूसाहेब म्हणाले, "मी कशाला किल्ली मागू? माझी गाडी हाय की." पोलिसांनी वडिलांना जीपमध्ये घालून नेलं. गाडी जप्त झाली, मग लिलावात निघाली. बोली बोलायला एकच माणूस उभा होता, कारण दुसऱ्या कुणाची हिंमत नव्हती. निवडणूक बिनविरोध झाली.

वडील सुटून आले, पण पुन्हा कधी गाडीला हात लावला नाही. दुसऱ्याच्या रानात मजुरी करता करताच गेले. मी शाळेत 'भट्टीवाल्याची पोर' झाले. ज्यांना वडिलांनी उचलून गाडीत घालून दवाखान्यात नेलं, त्यांच्याच पोरांनी मला ते नाव ठेवलं. आम्ही गाव सोडलं, आणि मागे राहिलेल्या गावाला बापूसाहेब दरवर्षी थोडं थोडं करून सांगत गेले, की साथीत गाडी त्यांनी चालवली. गाडी त्यांच्या गोठ्यात होतीच पुराव्याला.

तर अशी ती गाडी माझ्या शेडमध्ये आली होती, आणि तिच्याबरोबर माझ्या हातात फडतऱ्यांचा अमृतमहोत्सव.

पहिला बेत मी लगेच रचला. फळीवर नवऱ्याच्या गॅरेजमधून आणलेला ब्रेक ऑइलचा डबा होता. रंगावर ब्रेक ऑइल सांडलं की काही वेळात रंग फुगतो, सुरकुततो, देवी आल्यासारखे फोड येतात. गाडी लखलखीत करायची, वरून रेशमी कापड झाकायचं आणि कापड टाकायच्या आधी सगळीकडून ब्रेक ऑइलचा हात फिरवायचा. बापूसाहेब मांडवात कापड ओढतील आणि खालून महारोग झालेली गाडी निघेल. मला त्या विचारानंच हसू फुटत होतं.

दोन दिवस मी तिला आतून साफ केलं. शेण आणि पिसं फावड्यानं काढली. सीट उचकटून बाहेर उन्हात घातल्या. खालच्या पत्र्यावर उंदरांनी घर केलं होतं, त्यात कापूस, कागद, कडबा, आणि कोंबड्यांची दोन अंडी, जुनी आणि काळी पडलेली. वाफेच्या मशीननं दारांच्या कडा, काचांच्या खाचा, स्टिअरिंगची प्रत्येक खोबण घासली. काम करणाऱ्या बायकांना मी या गाडीला हात लावू दिला नाही. नवरा शेजारीच गाड्यांचं इंजिनकाम करायचा. तो येऊन म्हणाला, "अगं, एवढं कशाला मरतेस? फडतऱ्याची गाडी आहे."

"म्हणूनच," मी म्हटलं. त्यानं माझं तोंड बघितलं आणि तो परत इंजिनाकडे वळला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई जेवणाचा डबा घेऊन आली. तिला मी काही सांगितलं नव्हतं. शेडच्या दारात ती थांबली. डबा खाली ठेवला. मग पुढे येऊन मडगार्डच्या पोच्यात तिनं मूठ ठेवली, अगदी बरोबर.

"कुठनं आणलीस?" ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. बेतही सांगितला. ब्रेक ऑइलचा डबा काढून तिच्यासमोर नाचवला. मला वाटलं होतं, ती म्हणेल, सोड गं, देव बघतोय. आयांना असं म्हणायची सवय असते. पण माझ्या आईनं डब्याकडे असं बघितलं, जणू मी तिला शिळी भाकरी वाढली होती.

"अगं येडे, गाडी कुनाची बिघडवतीयास? त्याची, का तुझ्या बापाची?"

"आता त्याचीच आहे ना?"

"मग काय हुईल? फोड आलेली गाडी बघून लोक म्हणतील, रंगवाली वाईट हुती. तुला शिव्या देतील, त्याला हार घालतील. त्याचं काय जाईल गं? तुला एवढा सूड घ्यायचाय, आन् तेवढी अक्कल न्हाई?"

मला राग आला. "मग तूच सांग काय करू."

आई चालवणाऱ्याच्या बाजूला गेली. पदरानं दारावरची धूळ पुसली, आणि आंधळ्या माणसानं चाचपावं तशी बोटं पिवळट रंगावरून फिरवू लागली. मधेच तिचा हात थांबला.

"हात आण हिकडं."

मी हात नेला. तिनं माझं बोट धरून दारावर ठेवलं. आधी मला काहीच कळलं नाही. मग बोटाखाली बारीकशी कड लागली. उभी. मग एक वळण. मग वरची आडवी रेघ, लांबच लांब.

"द," आई म्हणाली. "हितनं सुरू हुतं. दौलत."

मी बोट पुढे सरकवलं. पुढची अक्षरंही होती.

"अंतू पेंटरला बोलावून त्या फडतऱ्यानं सांगितलंतं, की दारावरचं खरवडून काढ आन् सगळ्या गाडीला रंग मार. अंतू रातीचा माझ्याकडं येऊन गेला. म्हनला, वयनी, आमच्यात जित्या मानसाचं नाव खरवडत न्हाईत. मेल्यावर खरवडावं, दुकान बसल्यावर खरवडावं. दौलत जित्ता हाय. म्या नुसता वरनं रंग मारलाय, पातळ. नाव खाली शाबूत हाय."

"हे तू मला कधी बोलली नाहीस!"

"बोलले असते, तर तू तवाच त्याच्या गोठ्यात घुसून दार घासलं असतंस. आन् त्यानं ते दारच काढून भट्टीत घातलं असतं." तिनं हात दारावरून काढला नव्हता. "तुझ्या बापाला सांगितलं हुतं. तुरुंगातनं आल्यापास्नं घास उतरत न्हवता त्यांच्या गळ्यातनं. त्या रातीला पोटभर जेवले."

मी ब्रेक ऑइलचा डबा उचलून नवऱ्याच्या गॅरेजमध्ये परत ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेब गाडी बघायला आले. रणधीरनं त्यांना हाताला धरून उतरवलं. म्हातारे झाले होते, पण धोतर तसंच पांढरं. वाटलं, हातातल्या प्रेशर पंपाचा फवारा सरळ त्या धोतरावर सोडावा. आई घरी होती म्हणून बरं. तिला त्यांनी ओळखलंच असतं.

"छान, छान," ते गाडीभोवती फिरत म्हणाले. "पार मरून पडली हुती. कुनाची गं तू?"

खेड्यातला माणूस बाईला हाच प्रश्न विचारतो. नाव नंतर, आधी कुणाची.

"बावडेकरांची सून," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

"गुणाची हाय पोर," ते रणधीरला म्हणाले.

तेच शब्द, त्याच आवाजात. त्यांना काही आठवलं नाही. मी तीस वर्षं ज्या वाक्यावर जळत होते, ते त्यांच्या तोंडातून सहज निघालेलं एक बोलणं होतं, कुठल्याही पोरीला लावायचं. मला वाटतं, त्या क्षणी माझ्या मनात उरलीसुरली जी काही भीती होती ती संपली.

"बापूसाहेब, एक विचारायचंय," मी म्हटलं. "हा वरचा पिवळा रंग नंतर मारलेला दिसतो. खाली मूळ पांढरा आहे. पिवळ्यालाच चकाकी आणू, की तो उतरवून मूळ रंग काढू? तुमची गाडी आहे. तुम्ही सांगाल तसं."

मी विचारत होते आणि माझा तळहात त्या दारावर टेकलेला होता. त्यांच्या डोळ्यांत मी नीट बघत होते. आठवतं का, बघत होते. एकदा जरी त्यांची नजर दाराकडे गेली असती, तरी माझा डाव तिथंच फसला असता.

नजर गेली नाही. ते विसरले होते. माणसाचं नाव पुसून टाकलं होतं, आणि पुसल्याचंही विसरले होते.

"मूळ काढ की," ते हात झटकून म्हणाले. "लोकांनी वळकली पायजे. त्या वक्ताला हुती तश्शी झाली पायजे."

"हुती तशी?"

"अगदी हुती तशी. काय रं रणधीर?"

"परफेक्ट," रणधीर म्हणाला. "आणि मॅडम, मांडवात येईपर्यंत कुणी बघायचं नाही हं. वरून कापड. काका स्वतःच्या हातानं ओढणार. एकदम धक्का बसला पाहिजे लोकांना."

"बसेल," मी म्हटलं.

पुढचे दिवस मी पाण्याचा पॉलिश पेपर घेऊन त्या गाडीवर वाकून होते. पेपर ओला करायचा, हलक्या हातानं फिरवायचा, पाणी मारायचं, बघायचं. पिवळं पाणी वाहून जायचं आणि खालून पांढरा रंग वर यायचा. घाई केली तर मूळही निघून जातं. बाकीच्या गाडीला माझी माणसं लागली. दाराला मीच. दार मी बोटांच्या पेरांनी घासलं. पहिल्यांदा लाल रंगाचा एक ठिपका दिसला, तेव्हा मला आधी वाटलं, बोट कापलं. मग त्याच्या बाजूला दुसरा दिसला. मग काना. मग 'त'.

अंतू पेंटर, तुझं भलं होवो, मी पुटपुटत होते. इतका पातळ हात मारला होता त्यानं, की अक्षरांच्या कडा जशाच्या तशा होत्या. 'भाडे'च्या 'डे'ची मात्रा त्यानं थोडी लफ्फेदार काढली होती, तीही तशीच. वरून मी मेण चढवलं, मऊ फडक्यानं घासलं. अक्षरं अशी उठून दिसू लागली, की शेडच्या त्या टोकावरून वाचता यावीत.

आई रोज यायची, आतल्या धुतलेल्या सीटवर थोडा वेळ बसायची आणि उठून जायची. शेवटच्या दिवशी फक्त म्हणाली, "दार लोकांच्या बाजूला यील असं बघ."

रविवारी सकाळी रणधीरची माणसं गाडी न्यायला आली, तेव्हा ती केशरी रेशमी कापडात गुंडाळलेली होती. मी बरोबर निघाले. "उतरवताना माझं लक्ष हवं," मी रणधीरला म्हटलं. "आणि उजवी बाजू लोकांकडे ठेवा. त्या बाजूचं काम फार चांगलं झालंय." त्यानं मान डोलावली. आई आमच्या गाडीत बसून मागून आली, पण वेशीपाशी थांबली. वडील गेल्यावर तिनं पिंपळखोऱ्यात पाऊल टाकणार नाही अशी शपथ घेतली होती आणि ती काही मोडणारी बाई नव्हे.

मांडव गच्च भरला होता. पुढे म्हातारी माणसं बसवली होती, साथीतून वाचलेली. बापूसाहेबांनीच ती मुद्दाम पुढे बसवली होती. कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करायला शहरातून एक गृहस्थ आणले होते, गुलाबी फेटा बांधलेले. त्यांना गावातलं काही ठाऊक नव्हतं, पण आवाज असा होता, की कर्ण्यांवरून डोंगरापर्यंत जायचा.

बापूसाहेब बोलायला उभे राहिले. त्यांनी साथ सांगितली, घाट सांगितला, रात्री सांगितल्या. घाटातल्या म्हशीची गोष्टही सांगितली. ती म्हैस! माझ्या वडिलांची म्हैसही त्यांनी सोडली नव्हती. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते. मनात म्हणत होते, बोला, बोला, पोटभर बोलून घ्या.

"आन् हीच ती गाडी," ते म्हणाले, "जिनं या खोऱ्याची मानसं जगवली!"

त्यांनी बॉनेटच्या बाजूनं कापड ओढलं. रेशीम सळसळत खाली आलं. उन्हात ती पांढरी गाडी अशी लखलखली, की लोकांनी आधी आऽऽ केलं आणि टाळ्या सुरू झाल्या. बापूसाहेब बॉनेटपाशी उभे होते. त्यांना दार दिसत नव्हतं. ते हात जोडून हसत होते.

पुढच्या रांगेतल्या टाळ्या आधी थांबल्या. मग त्यांच्या मागच्या. शांतता अशी मागे मागे सरकत गेली. बापूसाहेब हसतच होते, पण त्यांना कळेना काय झालं.

फेटेवाल्या गृहस्थांना वाटलं, कार्यक्रम थंड पडतोय. ते लगबगीनं माइक घेऊन पुढे आले. त्यांनी दाराकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! मंडळी, या दारावर काय लिहिलंय बघा! 'दौलत बाबूराव नलगे, पिंपळखोरे. आजाऱ्याला भाडे नाही!' केवढं मोठं मन! 'आजाऱ्याला भाडे नाही!' टाळ्या झाल्या पाहिजेत, मंडळी, या दौलतरावांसाठी टाळ्या झाल्या पाहिजेत!"

कर्णे चारी दिशांना लावलेले होते. वेशीपर्यंत तो आवाज नक्की गेला. तीस वर्षांत त्या गावात ते नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

पहिल्या रांगेतून एक म्हातारी उठली. पारूबाई. मला आठवत होती ती, ओटीपोट धरून आमच्या गाडीत ओणवी झालेली. ती काठी टेकत गाडीपाशी गेली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं लाल अक्षरांवर हात ठेवला.

"ही लाल अक्षरं हुती," ती म्हणाली. माइक अजून त्या गृहस्थांच्या हातात तिच्याजवळच होता आणि चालू होता. "दौलूच्या गाडीवर हुती. मला ह्यातनं नेली त्यानं, पोटात पोर घेऊन. गाडी दौलू हाकत हुता. ह्यो कुठं हुता तवा?" तिनं काठी बापूसाहेबांकडे रोखली. "वाड्याची दारं लावून बसला हुता. आन् आमी मेल्यांनी दौलूला भट्टीवाला म्हनलं. वाजवा की रं टाळ्या आता! वाजवा!"

तिनं काठी काखेत धरली आणि एकटीच टाळ्या वाजवू लागली. मग तिच्या शेजारचा म्हातारा. मग सगळी पहिली रांग. ज्यांना काही माहीत नव्हतं ती मागची पोरंही वाजवू लागली. ते गुलाबी फेटेवाले तर कृतार्थ होऊन दोन्ही हात वर करून वाजवत होते.

बापूसाहेब गाडीला वळसा घालून आले. दाराशी थांबले. त्यांनी वाचलं. मग पुन्हा वरून वाचलं. त्यांच्या गळ्यातला हार घामानं छातीला चिकटला होता. रणधीर धावत आला आणि त्यानं कापड उचलून दारावर टाकायला बघितलं, पण पारूबाईनं काठी आडवी घातली. मला त्या म्हाताऱ्याची दया आली असं मी खोटं सांगणार नाही. दया आली नाही. मी डोळे भरून बघून घेतलं. वडिलांसाठी, आईसाठी आणि खुंटीवरून किल्ली काढणाऱ्या त्या पोरीसाठी, एकेकदा.

मग त्यांनी मांडवात नजर फिरवली आणि मी त्यांना दिसले. ते माझ्याकडे आले. टाळ्या चालूच होत्या. अगदी जवळ येऊन, आवाज दाबून म्हणाले, "हे काय केलंस?"

"तुम्ही सांगितलंत ते. हुती तशी केली."

माझ्या तोंडावर त्यांना काहीतरी दिसत होतं. नाक असेल, कपाळ असेल, लोक म्हणतात मी वडिलांवर गेलेय.

"कुनाची गं तू?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"दारावर लिवलंय, बापूसाहेब," मी म्हटलं. "वाचलंत ना?"